दोन काँग्रेस, एक दादा

लक्ष्मी टेकडीवरून आत वळलं की कागलची पंचतारांकित एमआयडीसी लागते. तुमच्यापैकी कितीतरी जण इथं इन-प्लांट ट्रेनिंगला येऊन गेले असाल. डिप्लोमावाले अप्रेंटिस म्हणून वर्षभर राबले असतील. मग तुम्हाला हे माहीत असणार: शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर ओव्हरटाइम आणि कॅन्टीनच्या जेवणाबद्दल जेवढं बोललं जातं, त्याच्या दुप्पट बोललं जातं ‘गटा’बद्दल. कागलात पक्ष कोणता हे नंतर विचारतात, आधी गट कुणाचा ते विचारतात. उगाच नाही या तालुक्याला राजकारणाचं विद्यापीठ म्हणत.

२०२४ च्या विधानसभेला तर या विद्यापीठाचा पेपर फारच अवघड निघाला. हसन मुश्रीफ आणि समरजितसिंह घाटगे समोरासमोर उभे राहिले. दोघंही राष्ट्रवादीचे! एक अजित पवारांच्या, दुसरे शरद पवारांच्या. बाहेरगावच्या रूममेटला हे समजावून सांगायला गेलात, तर पोरगं डोकं धरून बसतं. एकाच नावाचे दोन पक्ष, दोन चिन्हं, दोन आघाड्या... आणि तुम्हाला वाटतं, हे सगळं आपल्याच पिढीच्या नशिबी आलं.

तसं नाहीये. तुमचे आजोबा तुमच्या वयाचे होते, तेव्हा महाराष्ट्रात दोन काँग्रेस होत्या. त्या एकमेकींविरुद्ध लढल्या, निकालानंतर एकत्र आल्या आणि त्यांनी सरकार केलं. ते राज्यातलं पहिलं आघाडी सरकार. साडेचार महिन्यांत ते पडलं. त्याचे मुख्यमंत्री होते सांगलीचे वसंतदादा पाटील. त्यांचं नाव तुम्ही कारखान्यावर, कॉलेजवर, चौकावर वाचलंय. माणूस मात्र तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी, १ मार्च १९८९ ला गेला. आज त्यांची गोष्ट सांगते, कारण आघाडी सरकार म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकापेक्षा दादांच्या आयुष्यातून चटकन कळतं.

कागलहून सांगली काही फार लांब नाही. सांगलीजवळच कृष्णाकाठी पद्माळे नावाचं गाव आहे. दादा त्या गावचे. जन्म १३ नोव्हेंबर १९१७. पोर जेमतेम वर्षाचं होतंय तोवर साथीच्या रोगात आई-वडील दोघंही गेले. आजीनं वाढवलं. शिक्षण सातवीपर्यंत. पुढं याच माणसानं महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजांची दारं उघडली, हे लक्षात ठेवा, त्याच्याकडं येऊ.

त्याआधी एक सीन बघा. खरं तर यावर वेब सिरीज का निघाली नाही, हा प्रश्नच आहे. २४ जुलै १९४३. चले जाव चळवळीतले भूमिगत कार्यकर्ते पकडून सांगलीच्या तुरुंगात टाकलेले. हा तुरुंग गणेशदुर्ग किल्ल्यात होता. भोवती तट, तटाबाहेर खंदक. पंचविशीतला वसंत पाटील आणि त्याच्या साथीदारांनी भरदिवसा पहारेकऱ्यांवर झडप घातली, बंदुका हिसकावल्या, तटावरून खाली उड्या टाकल्या आणि कृष्णेच्या दिशेनं पळाले. पावसाळ्याचे दिवस, मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघं त्या दिवशी हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पकडले गेले. सुटका झाली ती स्वातंत्र्य अगदी तोंडावर आल्यावर.

हातात बंदूक धरलेला हा माणूस पुढं सहकारात शिरला. पन्नासच्या दशकात त्यांनी सांगलीत शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५२ पासून ते विधानसभेत होते. पुढं प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षही झाले. पक्ष कसा चालतो, हे इथं जरा थांबून बघायला हवं.

कागदावर पक्ष म्हणजे एक जिना असतो. खाली तालुका समिती, मग जिल्हा, मग प्रदेश, वर दिल्ली. अध्यक्ष, सरचिटणीस, कार्यकारिणी, ठराव. परीक्षेत हेच लिहा, मार्क मिळतील. पण आपल्या भागात त्या जिन्याच्या शेजारी दुसरा एक जिना असतो: सोसायटी, दूध संघ, खरेदी-विक्री संघ, जिल्हा बँक आणि सगळ्यांच्या वर साखर कारखाना. कारखान्याचे सभासद हजारांत. ऊस कधी तुटणार, ट्रॅक्टर कुणाचा लागणार, पोराला नोकरी लागणार का, कर्ज मिळणार का, हे सगळं तिथं ठरतं. निवडणूक आली की हीच माणसं, हीच वाहनं, हेच फोन प्रचाराला लागतात. ‘गट’ म्हणतात तो हा. पक्ष फुटला तरी गट फुटत नाही, तो आख्खाच्या आख्खा उचलून दुसऱ्या पक्षात जातो. कागलात आजही हेच बघतोय आपण. दादा या दुसऱ्या जिन्याचे सगळ्यात मोठे कारागीर होते. माणसं जोडून ठेवणं हेच त्यांचं भांडवल.

पण पहिल्या जिन्यानं त्यांना दणका दिलाच. १९७५ मध्ये वसंतराव नाईकांच्या जागी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. दिल्लीत इंदिरा गांधी, देशात आणीबाणी. पुढच्याच वर्षी दादांना मंत्रिमंडळातून वगळलं. दादांनी राजकारण सोडल्याचं जाहीर करून टाकलं आणि सांगलीला परत आले. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती.

मग मार्च १९७७ ची लोकसभा आली आणि देशात जनता पक्षाची लाट. महाराष्ट्रात ४८ पैकी काँग्रेसला २० जागा. आतापर्यंत राज्य म्हणजे आपलंच, असं समजणारा पक्ष हादरला. शंकरराव गेले आणि संन्यास घेतलेल्या दादांना बोलावणं आलं. १७ मे १९७७ ला ते मुख्यमंत्री झाले. वर्ष सोपं नव्हतंच. डिसेंबरात राज्य सरकारी कर्मचारी संपावर गेले. तो संप ५४ दिवस चालला आणि तो मिटतो न मिटतो तोच विधानसभा निवडणूक.

त्यात जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेसच फुटली. इंदिराबाईंनी वेगळी काँग्रेस काढली: काँग्रेस (आय), म्हणजे आपल्याकडच्या बोलीत इंदिरा काँग्रेस. पंजा हे चिन्ह तेव्हापासूनचं. दुसरी ब्रह्मानंद रेड्डींच्या अध्यक्षतेखालची, म्हणून रेड्डी काँग्रेस. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा, तरुण शरद पवार हे सगळे रेड्डी काँग्रेसमध्ये. इंदिरा काँग्रेसची राज्यातली धुरा विदर्भातल्या नासिकराव तिरपुडेंकडे. महिन्याभरापूर्वीपर्यंत एकाच पंगतीला बसणारी माणसं आता एकमेकांच्या विरोधात सभा घेत फिरू लागली. कागलकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

निकाल लागला तो असा. एकूण जागा २८८, बहुमताला हवेत १४५. जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२, शेतकरी कामगार पक्ष १३, मार्क्सवादी ९, अपक्ष २८, बाकी किरकोळ. मोबाइल काढा आणि स्वतः बेरीज करा. सगळ्यात मोठा पक्ष जनता, पण १४५ ला ४६ कमी. दोन्ही काँग्रेस मिळून १३१, तरी १४ कमीच. म्हणजे कुणालाही कुणाला तरी सोबत घेतल्याशिवाय पर्याय नाही. संसदीय लोकशाहीत सगळ्यात मोठ्या पक्षाचंच सरकार होतं असं नाही. सभागृहात ज्याच्या मागे अर्ध्याहून जास्त डोकी उभी राहतात, त्याचं होतं. राज्यपाल बोलावतात ते त्या हिशेबानं.

जनता पक्षाला लांब ठेवायचं तर भांडलेल्या दोन काँग्रेसनी एकत्र यायला हवं होतं. त्या आल्या. अपक्षांची आणि छोट्यांची रसद जोडली आणि मार्च १९७८ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले. तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री ते. आज आपल्याकडं दोन-दोन उपमुख्यमंत्री बघायची सवय झालीय, म्हणून एक गंमत सांगते: राज्यघटनेत उपमुख्यमंत्री असं पदच नाही. मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत, बस्स. उपमुख्यमंत्री हा घटनेच्या दृष्टीनं साधा मंत्रीच. हे पद आघाडीच्या गरजेतून येतं. धाकट्या भागीदाराला मान द्यायचा असतो आणि मोठ्यावर नजर ठेवणारा माणूसही हवा असतो, म्हणून.

मेख तिथंच होती. एका पक्षाच्या सरकारात मंत्र्याचा साहेब एकच असतो, मुख्यमंत्री. आघाडीत प्रत्येक मंत्र्याला दोन साहेब असतात: मंत्रालयात मुख्यमंत्री आणि पक्षात पक्षाध्यक्ष. तिरपुडेंची नजर दिल्लीत इंदिराबाईंकडे. इंदिराबाईंचं राजकारण यशवंतरावांच्या विरोधात. मग उपमुख्यमंत्रीच जाहीरपणे यशवंतरावांवर टीका करायचे, आणि ती टीका ऐकत त्यांच्याच शेजारी मंत्रिमंडळात बसायचे यशवंतरावांचे चेले. सरकार एक, पण घरात दोन चुली. आता समन्वय समिती, किमान समान कार्यक्रम, वाटाघाटींची बैठक, असले शब्द तुम्ही टीव्हीवर रोज ऐकता. हे सगळं अशा दोन चुलींना एका छपराखाली ठेवण्यासाठीच असतं. १९७८ मध्ये महाराष्ट्राला त्याचा कसलाच सराव नव्हता. भांड्याला भांडं लागलं की आवाज थेट पेपरात.

दादांना हे जमायला हवं होतं, असं मला वाचताना सारखं वाटत राहिलं. ऊसवाला आणि कारखाना, गाव आणि जिल्हा, जुना कार्यकर्ता आणि नवा, यांचा मेळ घालण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला दोन काँग्रेसचा मेळ का घालता येऊ नये? पण गटात सगळे शेवटी तुमच्याकडंच बघतात. आघाडीत अर्धे लोक तुमच्याकडं बघतच नाहीत. तिथं नुसता गोतावळा चालत नाही. माझा अंदाज असा की दादांना ही दुसरी तऱ्हा अंगवळणी पडायला वेळच मिळाला नाही.

जुलै उजाडला. दादांच्या मंत्रिमंडळात उद्योगमंत्री होते शरद पवार, वय ३७. त्यांच्यासोबत सुंदरराव सोळंके, सुशीलकुमार शिंदे, दत्ता मेघे. या मंडळींनी राजीनामे दिले आणि चाळीसच्या आसपास आमदार घेऊन ते बाहेर पडले. पुन्हा बेरीज करा: जनता पक्षाचे ९९, हे ४०, शेकापचे १३. झाले १५२. दादांकडचा आकडा कोसळला, त्यांनी राजीनामा दिला. १८ जुलै १९७८ ला पवार मुख्यमंत्री झाले. त्या सरकारचं नाव पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल. मंत्र्यांची यादी बघाल तर चक्रावाल. मूळ जनसंघाचे हशू अडवाणी, शेकापचे एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख, एवढंच काय, तोवर स्वतःचा वेगळा पक्ष काढलेले शंकरराव चव्हाणसुद्धा! २०१९ ला शिवसेना आणि काँग्रेस एकत्र आली तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. तशी बोटं आपल्या आजोबांनी आधीच घालून झाली होती.

महाराष्ट्राच्या राजकारणात ‘खंजीर’ हा शब्द तेव्हापासून मुक्कामाला आलाय. दादांच्या पाठीत खंजीर खुपसला, असं आजही भाषणात ऐकू येतं. मी दोन्ही बाजू सांगते, निकाल तुम्ही लावा. बाहेर पडलेल्यांचं म्हणणं असं की इंदिरा काँग्रेसबरोबर रोज अपमान गिळत सरकार चालवणं अशक्य झालं होतं. दुसरी बाजू अशी की ज्याच्या मंत्रिमंडळात बसता, त्याचंच सरकार विरोधकांच्या मदतीनं पाडता, आणि तेही विरोधात निवडून आलेल्या पक्षासोबत जाऊन स्वतः मुख्यमंत्री व्हायला. दोन्हींत तथ्य आहे. मला दुसरी बाजू जड वाटते, पण पहिलीला खोटं म्हणायची माझी तयारी नाही. तिरपुडेंच्या भाषणांचं ओझं दादांच्या डोक्यावर होतंच.

तेव्हा असं बाहेर पडायला काही कायदेशीर अडचण होती का? अजिबात नाही. पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. चाळीस आमदार उठले आणि पलीकडं जाऊन बसले, आमदारकी शाबूत. हा कायदा आला १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीनं, आणि लागू झाला १ मार्च १९८५ पासून. (चार वर्षांनी दादा गेले तीही तारीख १ मार्चच.) त्यात सुरुवातीला एक खिडकी ठेवलेली: एक तृतीयांश आमदार फुटले तर ते पक्षांतर नव्हे, ‘फूट’. २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीनं ती खिडकी बंद केली. आता दोन तृतीयांश लोकांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं, तरच सुटका. त्याच दुरुस्तीनं मंत्र्यांची संख्याही सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. म्हणजे आपल्याकडं २८८ ला जास्तीत जास्त ४३. आधी ज्याला त्याला मंत्री करून आघाडी टिकवता यायची, आता नाही. म्हणूनच २०२२ आणि २०२३ ला फुटलेल्यांनी आम्ही पक्ष सोडला असं म्हटलंच नाही. आम्हीच खरा पक्ष, असं म्हटलं. १९७८ ला भांडण आकड्यांचं होतं. आता ते नावाचं आणि चिन्हाचं झालं, निवडणूक आयोगात आणि सुप्रीम कोर्टात गेलं. तुमच्या पॉलिटिकल सायन्सच्या सरांना विचारा, तासभर निघेल यावर.

पुलोदही फार टिकलं नाही. जानेवारी १९८० मध्ये इंदिराबाई दिल्लीत परतल्या, फेब्रुवारीत त्यांनी पुलोद सरकार बरखास्त केलं, राष्ट्रपती राजवट आली. आणि आपले दादा तेव्हा कुठं होते? इंदिरा काँग्रेसमध्ये! ज्यांच्याबरोबर सरकार चालवताना नाकी नऊ आले, त्यांच्याच पक्षात जाऊन ते सांगलीतून खासदार झाले होते. राजकारणात दारं अशी उघडी असतात.

फेब्रुवारी १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. तुमच्याशी थेट संबंध येतो तो या कारकिर्दीचा. तोवर महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या जागा इतक्या कमी होत्या की हजारो पोरं दुसऱ्या राज्यात जायची, नाहीतर नाद सोडून द्यायची. सरकारकडं नवी कॉलेजं काढायला पैसा नव्हता. सातवी शिकलेल्या मुख्यमंत्र्यानं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. सरकार पैसे देणार नाही, संस्थांनी काढावीत आणि चालवावीत. कोल्हापुरात गोकुळ शिरगावचं केआयटी १९८३ चं, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील इंजिनिअरिंग १९८४ चं. कागल एमआयडीसीत आज जे इंजिनिअर शॉप फ्लोअरवर उभे आहेत, त्यातले कितीतरी याच कॉलेजांतून बाहेर पडलेले.

पण यालाही दुसरी बाजू आहे आणि ती तुमच्या घरच्यांनी बँकेत भोगलीय. डोनेशन, भरमसाट फी, शिक्षणसम्राट हे शब्द त्याच निर्णयाच्या पोटातून आले. साखर कारखान्याचा जिना होता, त्याला आता कॉलेजची एक पायरी जोडली गेली. कारखाना काढणारे कॉलेज काढू लागले आणि गट आणखी पक्का झाला. दादांना हे दिसत होतं की नाही, कोण जाणे.

मार्च १९८५ च्या निवडणुकीत काँग्रेसला १६१ जागा मिळाल्या. स्वच्छ बहुमत, आघाडीची कटकट नाही. आता तरी दादांनी पाच वर्षं पुरी करावीत ना? तीन महिनेही झाले नाहीत. दिल्लीनं प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष केलं, दादांना ते पटलं नाही आणि जूनच्या सुरुवातीला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. १९७८ ला सोबतच्या पक्षानं आणि आपल्याच माणसांनी खुर्ची हलवली होती. या वेळी स्वतःच्याच पक्षाच्या वरच्या मजल्यानं हलवली. चार वेळा शपथ घेतलेल्या या माणसाच्या वाट्याला सगळी मिळून साडेतीनच वर्षं आली.

पुढं दोनेक वर्षं ते राजस्थानचे राज्यपाल होते. राजवाड्यासारख्या राजभवनात पद्माळ्याचा शेतकरी कितपत रमला असेल, सांगता येत नाही. तेही पद सोडून ते परत आले आणि १९८९ मध्ये गेले. पुण्याजवळ मांजरीत ऊस-साखरेवर संशोधन करणारी संस्था आहे, तिला त्याच वर्षी त्यांचं नाव दिलं: वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. आपल्याकडच्या कारखान्यांतले केमिस्ट तिथं शिकायला जातात.

कधी सांगलीला गेलात तर गणेशदुर्ग बघा. खंदक कुठं होता ते शोधावं लागेल. तिथून तसंच नदीकडं चालत गेलात की कृष्णेच्या काठावर दादांची समाधी आहे. १९४३ च्या जुलैत ते ज्या दिशेनं पळत सुटले होते, त्याच बाजूला.